९६ की ५०? उंदराच्या कवटीतल्या दोन खिडक्यांचं प्रकरण

डिसेंबर २००२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. पहिला पान ७८८ वर, दुसरा पान ८१२ वर. प्रश्न तोच, प्राणी तोच, मायक्रोस्कोपची जातही तीच. प्रौढ उंदराच्या मेंदूत चेतापेशींना एकमेकींशी जोडणारे सांधे टिकून राहतात की येतात-जातात? न्यूयॉर्क विद्यापीठातल्या वेनबियाओ गान यांच्या गटाचं (पान ८१२) उत्तर होतं की महिनाभरात शंभरातले सुमारे ९६ जागच्या जागी राहतात. कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतल्या कारेल स्वोबोडा यांच्या गटाचं उत्तर होतं की निदान महिनाभर टिकणारे सुमारे ५० टक्केच, बाकीचे चार-दोन दिवसांचे पाहुणे.

जीवशास्त्रात आकडे थोडे इकडेतिकडे व्हायचेच. पण इतके? शिवाय दोन्ही आकडे आपापल्या परीने अडचणीचे. आठवणी या सांध्यांतच साठतात असं बहुतेक अभ्यासक मानतात. मग निम्मे सांधे असे पटापट बदलत असतील तर आजीला साठ वर्षांपूर्वीच्या वाड्यातला जिना अजून कसा आठवतो? आणि ९६ टक्के हलतच नसतील तर पन्नाशीत पेटी शिकायला बसलेल्या माणसाच्या मेंदूत नव्या सुरांना जागा कुठून मिळते? त्यामुळे हा वाद निव्वळ आकडेमोडीचा नव्हता. पाच वर्षांनी तो जिथे येऊन थांबला ती जागा मात्र कुणाला फारशी प्रतिष्ठेची वाटली नसती: उंदराच्या कवटीला पाडलेली खिडकी.

आधी मोजत काय होते ते पाहू. चेतापेशीला झाडासारख्या फांद्या असतात आणि त्या फांद्यांवर बाभळीसारखे बारीक काटे. अभ्यासक त्यांना स्पाइन म्हणतात; आपण काटेच म्हणू. काट्याचं डोकं साधारण एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आत, मान त्याहून कितीतरी बारीक. दुसऱ्या पेशीकडून येणारा संदेश बहुतेक वेळा अशा काट्याच्या डोक्यावर उतरतो, म्हणून काटा मोजला की सांधा मोजला असं ढोबळमानाने धरतात. सान्तियागो रामोन इ काहाल यांनी १८८८ मध्ये पक्ष्याच्या लहान मेंदूत हे काटे पहिल्यांदा दाखवले, तेव्हा अनेकांनी ते उडवून लावले. पेशी रंगवण्याच्या गोल्जींच्या ज्या पद्धतीने ते दिसले तीत चांदीचे क्षार पेशीवर बसतात, तेव्हा हे काटे म्हणजे चांदीचा खरवडा, दुसरं काही नाही, असा आक्षेप होता. काहाल यांनी मिथिलीन ब्लू हा वेगळाच रंग वापरून तेच काटे पुन्हा दाखवले. काट्यांवर खरोखर सांधे असतात हे दिसायला मात्र १९५९ साल आणि ई. जी. ग्रे यांचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यावा लागला. पाहण्याच्या रीतीनेच ही वस्तू निर्माण होत नाही ना, ही शंका या काट्यांच्या जन्मापासून त्यांच्या मागे आहे. २००२ मध्ये ती वेश बदलून परत आली, एवढंच.

काहाल यांचे काटे मेलेल्या मेंदूतले होते. जिवंत मेंदूत तोच काटा आज, उद्या आणि महिन्याने पाहायचा तर दोन गोष्टी लागतात: मोजक्याच पेशी उजळवणारा रंग आणि आत खोलवर पोचणारा उजेड. रंगाची सोय एका जेलीफिशने केली. तिच्यातलं हिरवं चमकणारं प्रथिन ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये वेगळं काढलं. पुढे ते दुसऱ्या प्राण्यांच्या पेशींतही चमकतं हे कळलं आणि २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल या कामाला मिळालं. २००० साली अशा उंदरांच्या जाती तयार झाल्या की ज्यांच्या असंख्य चेतापेशींपैकी थोड्याच हिरव्या किंवा पिवळ्या चमकतात. थोड्याच चमकतात हे महत्त्वाचं. सगळं रान पेटलं तर एक फांदी कशी ओळखणार?

उजेडाची अडचण जास्त चिवट. मेंदूचा ऊतक दुधासारखा असतो, प्रकाश आत शिरला की विखुरतो. यावरचा तोडगा म्हणजे दोन-फोटॉन मायक्रोस्कोप. एका रेणूने दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकदम गिळावेत ही कल्पना मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये कागदावर मांडली होती. विन्फ्रीड डेंक, जेम्स स्ट्रिकलर आणि वॅट वेब यांनी १९९० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात तिचा मायक्रोस्कोप केला. त्यात अवरक्त लेझर वापरतात, कारण तांबड्यापलीकडचा प्रकाश कमी विखुरतो. असा एक फोटॉन रंगद्रव्याला चमकवायला अपुरा पडतो. दोन एकाच क्षणी लागतात. तेवढी गर्दी व्हावी म्हणून लेझरचे ठोके सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाच्या हिशेबात आखूड असतात, आणि ही गर्दी होते ती फक्त भिंग जिथे प्रकाश एकवटवतं त्या ठिपक्यात. म्हणजे चमक जी येते ती त्या ठिपक्यातूनच. मग बाहेर येताना ती कशीही विखुरली तरी बिघडत नाही, निघाली कुठून हे ठाऊक असतं. हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मला ते चलाखीचंच वाटलं होतं, आणि अजूनही वाटतं.

एवढं सगळं जमलं तरी मध्ये हाड उरतंच. उंदराची कवटी पातळ असली तरी ती दुधी काचेसारखी. तिथे दोन्ही गटांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

गान यांच्या गटाने हाड घासून पातळ केलं. दंतवैद्य वापरतात तसलं बारीक टोकाचं ड्रिल घ्यायचं आणि भूल दिलेल्या उंदराच्या कवटीचा छोटासा तुकडा वरून खरवडत जायचं. कवटीत वर-खाली कठीण हाडाचे थर आणि मध्ये जाळीदार, रक्ताळ थर असतो. वरचा गेला की त्या मधल्या थरातून रक्त झिरपतं. ते टिपायचं, द्रावण घालायचं, थांबायचं, कारण ड्रिलच्या घर्षणाने हाड तापतं आणि खालचा मेंदू त्या उष्णतेने भाजू शकतो. शेवटचा टप्पा बारीक पात्याने हातानेच. कुठे थांबायचं? हाड साधारण २० ते ३० मायक्रॉन उरलं की. आपल्या केसाच्या निम्म्याहूनही कमी. त्याहून जाड ठेवलं तर चित्र गढूळ. त्याहून पातळ केलं, किंवा ड्रिल जरा जास्त दाबलं आणि हाड लवलं, तर खालच्या मेंदूला मुका मार बसतो. खालच्या बारीक रक्तवाहिन्या स्वच्छ दिसू लागल्या की झालं. या रक्तवाहिन्यांचा फोटो काढून ठेवतात. महिन्याने परत येताना गावातल्या रस्त्यासारखा त्यांचाच आधार घेत तीच फांदी शोधायची. आणि महिन्याने परत आलं की हाड भरून आलेलं असतं, पुन्हा घासा. त्यामुळे एका उंदराकडे हवं तितक्या वेळा जाता येत नाही.

स्वोबोडांच्या गटाने हाडाची गोल चकतीच काढली, खालचं आवरण शाबूत ठेवलं, वर काच बसवली आणि कडा डेंटल सिमेंटने बंद केल्या. हात बसला की ही खिडकी महिनोन्महिने स्वच्छ राहते. रोज पाहा, दिवसाआड पाहा. चित्र जास्त खणखणीत, पाहता येण्याजोगा भागही मोठा. बरीच मंडळी या पद्धतीकडे का वळली हे सांगायला नको.

मग फरक कशामुळे? २००२ नंतर संशयितांची रांगच लागली. गान यांनी दृष्टीचा भाग पाहिला होता, स्वोबोडांनी मिशांची जाणीव घेणारा. गान यांचे प्रौढ उंदीर चार महिन्यांच्या पुढचे होते, स्वोबोडांचे नुकतेच वयात आलेले. एकांचे उंदीर पिवळे चमकणाऱ्या जातीचे, दुसऱ्यांचे हिरवे. मोजणीचे नियमही वेगळे. लांब, बारीक, डोकं नसलेला फुटवा काटा म्हणून धरायचा की नाही? मायक्रोस्कोपची नजर उभ्या दिशेला आडव्यापेक्षा मंद असते, म्हणून फांदीच्या वर किंवा खाली निघालेले काटे दिसतच नाहीत आणि फक्त बाजूचे मोजतात. मग आज बाजूला असलेला काटा फांदी किंचित फिरल्यामुळे उद्या दिसला नाही, तर तो गेला म्हणायचा का? पडद्यावर एक काटा म्हणजे जेमतेम काही ठिपके. त्याचं असणं-नसणं ठरवणारं माणूसच असतं.

स्वोबोडांच्या बाजूला एक भक्कम पुरावा होता, आणि नंतरच्या सांगण्यांत तो बरेचदा गळतो. जी फांदी जिवंतपणी पाहिली तीच पुढे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कापून त्यांनी दाखवलं होतं की काटे उगवण्या-मिटण्याबरोबर सांधेही खरोखर तयार होतात आणि मोडतात. उंदरांच्या मिश्या एक सोडून एक कापल्या तेव्हा ही ये-जा वाढलीही होती. म्हणजे त्यांचे येणारे-जाणारे काटे हा डोळ्यांचा भ्रम नव्हता. होते ते खरेच. पण ते निरोगी, न छेडलेल्या मेंदूतलेही तसेच होते का, हा वेगळा प्रश्न.

वयाचा वाटा २००५ मध्ये बराचसा उलगडला, तोही स्वोबोडांच्याच गटाच्या कामातून. आठ दिवस किंवा जास्त टिकणाऱ्या काट्यांचं प्रमाण १६ ते २५ दिवसांच्या पिल्लांत ३५ टक्के, ३५ ते ८० दिवसांच्या उंदरांत ५४, ८० ते १२० दिवसांच्यांत ६६ आणि १७५ ते २२५ दिवसांच्यांत ७३ टक्के निघालं. वय वाढतं तसे काटे स्थिरावतात. गान यांच्या २००२ च्या निबंधातही हाच कल होता: कोवळ्या उंदरांत महिनाभर टिकणारे सुमारे ७३ टक्के, प्रौढांत ९६. दिशा एकच, पण आकड्यांमधली दरी तशीच. वय लक्षात घेऊनही ती बुजत नव्हती.

२००७ मध्ये गान यांच्या गटाने खिडकीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. त्यांनी दोन्ही खिडक्या आपल्याच प्रयोगशाळेत, आपल्याच हातांनी करून पाहिल्या आणि ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये तीन पानांत निकाल दिला. काच बसवलेल्या खिडकीखाली शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात काट्यांची उलथापालथ खूप, आणि तिथल्या ग्लायल पेशी चांगल्याच खवळलेल्या. घासून पातळ केलेल्या हाडाखाली दोन्ही नाही.

ग्लायल पेशी म्हणजे मेंदूतली चेतापेशींखेरीजची मंडळी. आधार देणारी, सफाई करणारी, जखमेकडे धावणारी. त्यांतल्या मायक्रोग्लिया किती जाग्या असतात हे २००५ मध्येच दोन गटांनी पातळ हाडातूनच पाहिलं होतं. काहीही झालेलं नसताना या पेशी बारीक बाहू हलवत सतत परिसर चाचपत असतात. लेझरने एक टिकलीएवढी इजा केली की आजूबाजूच्या पेशींचे बाहू अर्ध्या तासाच्या आत तिकडे वळतात आणि ती जागा वेढून टाकतात. एवढ्याशा ठिणगीला जर हे उत्तर, तर डोक्याचं हाड काढून काच बसवल्यावर काय होत असेल? आपण घरात पाऊल टाकलं म्हणून घरची माणसं उठून बसली, आणि मग आपणच वहीत लिहिलं की या घरात कुणी झोपत नाही.

माझ्या मते या प्रकरणाचा खरा पेच इथून पुढे आहे. कारण हे ऐकल्यावर ‘चला, काच वाले चुकले’ असं म्हणून मोकळं होणं फार सोपं. काच वाल्यांकडेही उत्तर होतं. खिडकी करणं हे हाताचं कसब आहे. शस्त्रक्रियेत रक्तस्राव झाला, आवरण दुखावलं, तर खालचा भाग सुजतो, धूसर होतो. अशा खिडक्या टाकून द्यायच्या, आणि उरलेल्यांतही जखम निवळेपर्यंत दिवस जाऊ द्यायचे, मग मोजायला घ्यायचं. २००७ च्या निष्कर्षातले ‘पहिल्या महिन्यात’ हे शब्द या बाजूने वाचले तर काच वाल्यांच्या कामीही येतात. शिवाय एक उलटा आक्षेप, आणि तो मला चांगलाच वजनदार वाटतो: पातळ केलेलं असलं तरी ते हाडच. त्यातून येताना प्रकाश थोडा विस्कटतो. चित्र किंचित मऊ झालं की आधी नाहीसे होणार ते सगळ्यात बारीक काटे, आणि येणारे-जाणारे काटे नेमके तेच असतात. जाड, डोकेदार काटे टिकतात. लवचीक असतात ते किडमिडे. म्हणजे एक खिडकी मेंदूला ढवळून अस्थिरता वाढवत असेल, तर दुसरी अस्थिर मंडळींना नजरेआड करून स्थैर्य फुगवत असेल. आणि २००७ ची कसोटी घेणारा गट हा वादातला एक पक्षच होता, हेही विसरता येत नाही. काच बसवण्यात ज्याचा हात वर्षानुवर्षं बसलेला नाही त्याने केलेली काचेची खिडकी कितपत प्रातिनिधिक?

यावर शेवटचा निकाल असा कुणी दिला नाही. झालं ते वेगळंच. २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये तीन कामं आली. दोन पातळ हाडातून केलेली, वर्षाच्या शेवटी एकाच अंकात. एक वर्षाच्या सुरुवातीला, काचेतून. पातळ हाडातून पाहणाऱ्यांना दिसलं की उंदीर नवं कसब शिकतो तेव्हा काही नवे काटे लगेच फुटतात, त्यांतले बहुतेक जातात, थोडे राहतात, आणि राहिलेले दीर्घकाळ राहतात. काचेतून दृष्टीचा भाग पाहणाऱ्यांना दिसलं की एक डोळा काही दिवस बंद ठेवल्यावर फुटलेले काटे डोळा उघडल्यावरही मागे उरतात, आणि पुन्हा तीच वेळ आली की कामी येतात. टक्केवारीवरून भांडणारे दोन्ही गोट गोष्ट मात्र एकच सांगत होते: स्थिर साठा मोठा, वर थोडी चाचपणी चालू, आणि शिकणं म्हणजे त्या चाचपणीतल्या मोजक्यांना कायम करणं. आजीचा जिना आणि पन्नाशीतली पेटी, दोघांचीही सोय.

प्रश्न मिटला असं वाटेपर्यंत लोक हिप्पोकॅम्पसकडे वळले. नव्या आठवणींसाठी हा भाग लागतो, पण तो कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, खाली दडलेला. दोन-फोटॉनचा उजेड वरून तिथपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून वरचा कॉर्टेक्सच थोडा शोषून काढतात आणि तिथे नळी व भिंग बसवतात. हाड काढलं म्हणून पाच वर्षं वाद झाला होता. इथे तर मेंदूचाच तुकडा काढायचा! २०१५ मध्ये मार्क श्निट्झर यांच्या गटाने सांगितलं की हिप्पोकॅम्पसमधल्या काट्यांचं सरासरी आयुष्य एक-दोन आठवडेच. पण त्या कामातली मला आवडलेली गोष्ट दुसरीच आहे. त्यांनी आपल्याच भिंगाच्या मर्यादेचा हिशेब मांडला. दोन काटे अगदी शेजारी असतील तर मायक्रोस्कोपला ते एकच दिसतात. त्यांतला एक गेला तरी दुसरा असतो, आणि नोंद होते ‘काटा कायम’. जितकी दाटी जास्त तितकं हे खोटं स्थैर्य जास्त. २०१८ मध्ये दुसऱ्या एका गटाने दोन-फोटॉनला स्टेड या जास्त तीक्ष्ण नजरेच्या तंत्राची जोड दिली, तेव्हा हिप्पोकॅम्पसमध्ये आधी मोजले होते त्याच्या जवळपास दुप्पट काटे दिसले, आणि चार दिवसांत सुमारे ४० टक्क्यांची अदलाबदल.

खिडकीवरही काम चालूच राहिलं. २०१० मध्ये डेव्हिड क्लाइनफेल्ड यांच्या गटाने हाड घासून, गुळगुळीत करून, त्यावर काच चिकटवायची पद्धत काढली, म्हणजे हाड परत भरून येत नाही आणि कवटीही बंदच राहते. २०१८ मध्ये कॉर्नेलच्या क्रिस शू यांच्या गटाने तीन-फोटॉन मायक्रोस्कोपने न घासलेल्या, अखंड कवटीतून उंदराच्या मेंदूतल्या चेतापेशींची सक्रियता टिपली. एकेक काटा सुटा दिसावा एवढी बारकाई मागायची तर मात्र अजूनही बहुतेक जण खिडकीच वापरतात. अशा कामावरचा निबंध हाती आला की मी आता सारांशानंतर थेट कार्यपद्धतीच्या भागावर जातो आणि तीन गोष्टी शोधतो: हाड काढलं की घासलं, पहिलं चित्र शस्त्रक्रियेनंतर कितव्या दिवशी घेतलं, आणि किती खिडक्या धूसर झाल्या म्हणून सोडून दिल्या. तिसरा आकडा बहुतेक वेळा सापडत नाही.